सांताक्रूझहून समुद्रकांठानें

आमच्या शाळेच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत दरवर्षीं एक तरी प्रवासवर्णन असावें, अशी जुनी वहिवाट आहे. यंदा तें काम आमच्या गळ्यांत पडलें. आम्ही ह्या शाळेंत गेलीं सत्तावीस वर्षें मराठी शिकवीत आहों. इतक्या काळांत ‘मीं केलेला प्रवास’ ह्या विषयावर विद्यार्थ्यांकडून शेंकडों निबंध आम्हीं लिहवून घेतले आणि लाल शाईनें त्यांचे दोष दाखविले. तेव्हां स्वतःवर पाळी आली असतां नाहीं म्हणणें शोभलें नसतें. प्रारंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. पुढील मजकुरांत ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल. त्यावरून आमच्या बरोबर मोठी मंडळी होती असा समज बालवाचकांनीं करून घेऊं नये. लिहितांना ‘आम्ही’ म्हणण्याची आमची खोड आहे, एवढेंच. प्रवासास आम्ही एकटेच निघालों होतों, आणि एकटें निघण्यास तसें कारणही होतें.

प्रवासाची कल्पना मात्र परदेशांतून आली. आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां अमेरिकेंत कॅलिफोर्नियास नोकरीस असतो. पॅसिफिक महासागराच्या कांठाकांठानें त्यानें एकट्यानें मोटार हांकीत प्रवास केला, आणि त्याचें सविस्तर पत्र छायाचित्रांसह आम्हांस पाठविलें. बिग सर नांवाच्या त्या भागांत डोंगर सरळ समुद्रांत उतरलेले आहेत. त्यांच्या कड्यांतून कोरून काढलेला रस्ता १९३७ सालीं खुला झाला. वाटेंतील बिक्सबी नांवाच्या ओढ्यावर १९३२ सालीं बांधलेला एकाच कमानीचा उंच पूल आहे. हें सर्व वर्णन करून त्यानें शेवटीं विचारलें होतें, ‘सर, असा रस्ता आपल्याकडे कोठें आहे काय?’ हा प्रश्न आम्हांस झोंबला. कारण असा रस्ता आपल्याकडे आहे. इतकेंच नव्हे, तर त्या रस्त्यावरील एका गांवीं आमचें एक देणें थकलेलें होतें.

आमचे वडील विजयदुर्गाच्या खाडीकांठच्या एका लहानशा गांवचे. १९५८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते बोटीनें मुंबईस आले, आणि पुढें सांताक्रूझला वाकोल्याच्या एका चाळींत त्यांनीं बिऱ्हाड केलें. गांवीं धाकटे बंधु राहिले. १९८४ सालीं हापूसच्या कलमांच्या वांटणीवरून दोघां भावांत शब्दाला शब्द लागला. बागेच्या मध्यें दगडांचा गडगा घातला गेला, आणि त्या दिवसापासून वडिलांनीं गांवचें नांव टाकलें. काकांचीं पत्रें मात्र दरवर्षीं येत राहिलीं. वडील तीं वाचीत आणि कांहीं न बोलतां ट्रंकेंत ठेवून देत. उत्तर त्यांनीं एकाही पत्रास दिलें नाहीं. शेवटच्या आजारांत त्यांनीं आम्हांस जवळ बोलावून इतकेंच सांगितलें, ‘त्याला एकदां भेटून ये.’ आम्हीं होय म्हटलें. वडील गेल्याचें काकांस दूरध्वनीवरून कळविलें. त्यानंतर दोन वर्षें लोटलीं, तरी आमचें जाणें झालें नव्हतें.

सबबींस कांहीं तोटा नसतो. कधीं परीक्षा आल्या, कधीं पाऊस आला, कधीं घरांत दुखणें निघालें. वस्तुतः कोंकण रेल्वे १९९८ पासून पूर्णपणें सुरू आहे; रात्रीं गाडींत बसलें तर सकाळीं राजापुरास उतरतां येतें. अडचण वाटेची नव्हती, मनाची होती. ‘आजवर कां आला नाहींस?’ असें काकांनीं विचारलें तर त्यांच्या नजरेला नजर कशी द्यावयाची, हें आम्हांस सुचत नव्हतें. अशांत नाताळच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गास आम्हीं ‘बंधुप्रेम’ हा विषय निबंधास दिला. ते निबंध रात्रीं तपासीत असतां कॉटखालची ती ट्रंक आमच्या पायास लागली. आम्हीं लाल शाईची लेखणी खालीं ठेविली, आणि त्याच रात्रीं जाण्याचें ठरविलें. परंतु मनुष्याचें मन मोठें लबाड असतें. जावयाचें ठरलें खरें, पण जवळची वाट सोडून आम्हीं लांबची, समुद्रकांठची वाट निवडली. विद्यार्थ्याच्या पत्राचें निमित्त होतेंच. जुनी फटफटी दुरुस्त करून घेतली, काकांचीं पत्रें रुमालांत बांधून पिशवींत घातलीं, आणि सुटी लागतांच पहांटे वाकोल्याहून निघालों. काकांस मात्र आगाऊ कांहींच कळविलें नाहीं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी मोठी बोट २०२० सालापासून जाते. ज्या धक्क्यावर आमचे वडील ट्रंक घेऊन उतरले, तेथूनच आम्ही उलट दिशेस निघालों. जुन्या काळीं कोंकणांतील बहुतेक बंदरांत आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही आणि पडावांतून उतारूंची ने-आण होई, हें वडिलांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलें होतें. ‘रामदास’ बोटीची गोष्टही त्यांच्याच तोंडची. १७ जुलै १९४७ रोजीं ती ह्याच धक्क्यावरून रेवसला जाण्यास निघाली आणि वादळांत सांपडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत पाणी अगदीं शांत होतें. पण समुद्राचें सौंदर्य वाखाणणारानें त्याचें तें दुसरें रूपही विसरूं नये.

अलिबागेस आम्ही तेथील वेधशाळेच्या फाटकापाशीं थोडा वेळ थांबलों. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहानें चुंबकाच्या सुया विचलित होणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्याचें काम १९०४ सालीं येथें आणण्यांत आलें. ज्याला अत्यंत सूक्ष्म हालचाल टिपावयाची आहे, त्यानें गलबल्यापासून दूर जावें लागतें. एकट्यानें प्रवास करण्याचें ह्याहून चांगलें समर्थन आम्हांस सांपडलें नसतें.

पुढें रेवदंड्याचा पूल ओलांडला कीं कोर्लई लागते. येथील पोर्तुगीजांची सत्ता १७४० सालीं गेली. तथापि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज भाषेपासून निपजलेली एक बोली अद्यापि बोलली जाते. आपल्या सांताक्रूझचें नांवही त्याच भाषेंतलें. त्याचा अर्थ ‘पवित्र क्रूस’. राज्यें जातात, किल्ले ढासळतात, आणि आईनें शिकविलेले चार शब्द मात्र घरांत राहतात, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकास विशेष वाटल्यास नवल नाहीं. दुपारीं मुरुडला समुद्रांत उभा असलेला जंजिरा पाहिला, आणि आगरदांड्यास पहिल्या खाडीपाशीं येऊन ठेपलों.

येथें थोडा भूगोल सांगितला पाहिजे. आपली किनारपट्टी सुमारें ७२० किलोमीटरांची म्हणून आपण शाळेंत शिकलों. सह्याद्रि समुद्रास इतका लगटून उभा आहे कीं, त्याच्या पश्चिम उतारावरील नद्या थोडक्या अंतरांत वेगानें खालीं येतात, आणि त्यांच्या मुखांत समुद्र कित्येक किलोमीटर आंत शिरलेला असतो. त्यामुळें कांठाचा रस्ता सरळ जाऊंच शकत नाहीं; दर दहा-वीस कोसांवर एखादी खाडी त्याला अडविते. पुष्कळ खाड्यांवर आतां पूल झाले आहेत, कांहींवर व्हावयाचे आहेत. तोंवर मोटारी, बैल, बाजाराच्या पाट्या आणि माणसें ह्या सर्वांस एकाच सपाट बोटीवर घेऊन पलीकडे सोडतात. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेश्वीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास असे चार वेळां आम्ही पार झालों. प्रत्येक ठिकाणीं अनुभव एकच. आपण कांठावर पोंचावें तों बोट नेमकी पलीकडे असावयाची. आपल्याजवळ कितीही वेगवान वाहन असो, तें बंद करून स्वस्थ उभें राहावें लागतें. पलीकडून बोट येईल तेव्हांच अलीकडचा मनुष्य पार होतो.

दिघीनंतर दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याचें वर्णन आमच्या लेखणीस कितपत साधेल कोण जाणे. उजवीकडे हाताच्या अंतरावर समुद्र. डावीकडे गवतानें पिंवळा झालेला डोंगर. रस्ता क्षणांत पाण्याच्या पातळीवर उतरे, क्षणांत एखाद्या नाकाडाला वळसा घालून उंच चढे. आणि वळण संपलें कीं नवी पुळण, तींत ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेलीं जाळीं, माडांचा पट्टा, असें चित्र एकदम उलगडे. सूर्य बुडावयास टेंकला होता. रस्त्यावर दुसरें वाहन नव्हतें. मोठ्यानें ‘पाहा, पाहा!’ म्हणावें असें वाटलें, आणि ऐकण्यास कोणीच नाहीं हें ध्यानांत आलें. एकट्याच्या प्रवासांत आनंद वांटून घेण्यास कोणी नसतें, ही त्याची खरी उणीव. वडिलांनीं हा किनारा बोटीवरून कितीदां पाहिला असेल, आणि पुढें चाळीस वर्षें चाळीच्या खिडकींतून समोरच्या भिंतीकडे पाहत असतां त्यांच्या मनांत काय येत असेल, हा विचार त्या संध्याकाळीं प्रथमच आमच्या मनांत आला.

दुसऱ्या दिवशीं सावित्रीची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यांत शिरलों. वेळास हें नाना फडणिसांचें गांव. येथील ग्रामस्थ २००२ सालापासून समुद्रकांसवांचीं अंडीं राखतात. मादी रात्रीं वाळूंत खळगा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि पाण्यांत परतते; सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें बाहेर पडून आपल्याच बळावर समुद्राकडे धांवतात. आईबापांच्या भांडणाचा वारसा त्यांना नसतो, असें तेथें मनांत येऊन गेलें. सायंकाळीं हर्णैच्या पुळणीवर माशांचा लिलाव पाहिला, आणि पलीकडच्या मुरुडास मुक्काम केला. हें महर्षि कर्व्यांचें मुरुड. लहानपणीं एका परीक्षेसाठीं ते येथून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले. आणि तेथें ‘तुझें वय कमी दिसतें’ म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तो मुलगा तसाच परत आला, पुन्हां अभ्यासास लागला, आणि १९५८ सालीं भारतरत्न झाला. उत्तरपत्रिकेंत दोन गुण कमी पडले म्हणून जेवण टाकणाऱ्या मुलांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

तिसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दामच रेंगाळलों. गुहागरास रेंगाळलों, वेळणेश्वरास रेंगाळलों, आणि हेदवीस बामणघळ पाहत तर तासभर बसलों. खडकांतील एका अरुंद भेगेंत भरतीचें पाणी घुसतें आणि मोठा आवाज करून उंच उसळतें. पाहण्यासारखी वस्तु आहे यांत शंका नाहीं. पण आम्ही पाण्यासाठीं बसलों नव्हतों, उद्यांचा दिवस लांबविण्यासाठीं बसलों होतों. त्याचें फळ ताबडतोब मिळालें. तवसाळच्या धक्क्यावर आलों तेव्हां शेवटची बोट निघून गेली होती. तिचा दिवा पलीकडे जयगडच्या बाजूस लहान लहान होत गेलेला दिसला.

धक्क्याजवळ चहाचें एक छोटें दुकान होतें. त्या घरच्या आजींनीं आमची फटफटी अंगणांत लावूं दिली, भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली, आणि ओटीवर चटई टाकून दिली. जेवतांना त्यांनीं सहज विचारलें, ‘कुणाकडे निघालात?’ अनोळखी माणसाजवळ मन मोकळें करणें कित्येकदां सोपें जातें. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. आजी ऐकत होत्या. शेवटीं इतकेंच म्हणाल्या, ‘होडी काय, सकाळी परत येईल. माणसाचं तसं नसतं हो.’ त्या रात्रीं झोंप अशी लागलीच नाहीं. काकांचें प्रत्येक पत्र म्हणजे पलीकडून आलेली एक होडी होती. वर्षामागून वर्षें ती आमच्या कांठाला लागली, थोडी थांबली, आणि रिकामी परत गेली. वडील चढले नाहींत. त्यांना त्यांचा अभिमान होता. आम्हांस तर तसा अभिमानही नव्हता. नुसता संकोच होता.

चौथ्या दिवशीं पहिल्याच बोटीनें जयगड गांठलें. पुढें केशवसुतांचें मालगुंड लागलें; तेथें हात जोडले आणि पुढें निघालों. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीस जातांना आरे-वारे येथें रस्ता डोंगराच्या खांद्यावर चढतो, आणि खालीं दोन लांबच लांब पुळणी एकदम दृष्टीस पडतात. आमच्या विद्यार्थ्यानें पाठविलेलीं छायाचित्रें तेथें आठवलीं, आणि त्याला उत्तर देण्यास हें एक स्थळ पुरेसें आहे असें वाटलें. रत्नागिरीस ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा रस्त्यावरूनच पाहिला. १८८६ सालीं त्याला कैद करून येथें आणलें. १९१० सालीं हा वाडा तयार झाला, आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. आपला देश त्याला पुन्हां दिसला नाहीं. त्याला घरीं जाण्याची बंदी होती. आम्हांस कोणी बंदी केली होती?

पावस, पूर्णगड करीत आम्ही जांभ्याच्या सड्यावर आलों. काळसर-तांबडा, उघडा, मैलोगणती पसरलेला हा कातळ प्रथमदर्शनीं ओसाड वाटतो. पण काशेळीजवळ त्याच कातळावर हत्तीची एक भव्य आकृति खोदलेली आहे, आणि तिच्या पोटांत इतर प्राण्यांचीं चित्रें आहेत. कोणी खोदली, कशासाठीं खोदली, हें सांगणारें आज कोणी नाहीं. ऊन कलूं लागलें तसे जैतापूर मागें टाकून विजयदुर्गाच्या खाडीपाशीं आलों. तिच्यावर वाघोटणजवळ पूल आहे. बोटीची वाट पाहण्याची सबब येथें उरली नव्हती.

घर शोधावें लागलें नाहीं. चिऱ्यांचें जोतें, पुढें पडवी, अंगणांत तुळशीवृंदावन, सर्व वडिलांनीं सांगितल्याप्रमाणें होतें. पडवींत एक वृद्ध गृहस्थ बांकावर बसले होते. फटफटी बंद करून आम्ही अंगणांत उभे राहिलों. चार दिवस जुळवून ठेविलेलीं सारीं वाक्यें त्या क्षणीं नाहींशीं झालीं. ‘काका,’ एवढेंच तोंडांतून निघालें. त्यांनीं मान वळविली. पण त्यांची दृष्टि आमच्यावर न येतां बाजूच्या तुळशीवर स्थिर राहिली. थोडें थांबून ते म्हणाले, ‘आवाज दादाचोच.’ आणि मग, ‘इलंस? उशीर केलंस रे.’

त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टि गेल्या पावसाळ्यांत गेली होती. चुलतबंधूंच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. भिंतीवरील जुन्या छायाचित्राकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनें पाहून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही अगदी थोरल्या मामंजींसारखे दिसता.’ त्या सहज बोलल्या. आम्हांस मात्र तें वाक्य खोल लागलें. दोन वर्षांपूर्वीं आलों असतों, तर काकांस आमच्या तोंडावर आपल्या भावाचें तोंड एकदां पाहावयास मिळालें असतें. तें आतां कोणत्याही सुटींत, कोणत्याही रस्त्यानें येऊन भरून निघण्यासारखें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं रुमाल सोडला आणि पत्रें काकांच्या हातीं दिलीं. त्यांनीं तीं चांचपून पाहिलीं. दादानें तीं वाचलीं होतीं काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. घड्या झिजून कांहीं पत्रें दुभंगलीं होतीं. इतक्या वेळां तीं उलगडलीं गेलीं होतीं. तेंच आम्हीं सांगितलें, आणि फाटलेल्या घडीवरून त्यांचें बोट फिरविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, आतां तूं वाचून दाखव. आम्हीं एकतीस पत्रें एकामागून एक वाचलीं. त्यांत भांडणाचा एक शब्द नव्हता. मोहोर केव्हां आला, विहिरीचें पाणी कोठवर आहे, दादाच्या बाजूच्या झाडांस यंदा आंबा किती लागला, एवढाच मजकूर. काका डोळे मिटून ऐकत होते. आम्ही वाचीत होतों. पण ते कोणाचा आवाज ऐकत होते, हें आम्हांस ठाऊक होतें.

सकाळीं त्यांनीं आमच्या खांद्यावर हात ठेवून बाग दाखविली. गडग्याचे दगड ठिकठिकाणीं ढासळले होते, आणि ते पुन्हां कोणी रचले नव्हते. दोन्ही बाजूंच्या कलमांच्या फांद्या वर एकमेकींत मिसळल्या होत्या. मोहोर कोणत्या बाजूचा हें सांगतां येत नव्हतें. दोन दिवस राहून आम्ही हमरस्त्यानें, एका दिवसांत, सांताक्रूझला परतलों. येतांना रेंगाळण्याचें कारण उरलें नव्हतें. पुढील सुटींत मुलांना घेऊन जाण्याचें कबूल केलें आहे, आणि ही कबुली लांबणीवर टाकावयाची नाहीं.

बालमित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, देशोदेशींचे सुंदर किनारे पाहाल. ते अवश्य पाहा. परंतु एकदां घरांतही नीट पाहा. तुमच्या घरींही एखादी अशी ट्रंक असेल, एखादें नांव असें असेल कीं जें निघालें म्हणजे मोठीं माणसें गप्प होतात. भांडण तुमचें नाहीं. तें पुढें चालविण्याचें ओझेंही तुमच्यावर नाहीं. आणि पालकांस इतकीच विनंती कीं, जावयाचें असेल तर समोरच्याचे डोळे शाबूत आहेत तोंवर जावें.

अमेरिकेंतील आमच्या विद्यार्थ्यास परत येतांच पत्र लिहिलें. असा रस्ता आपल्याकडे आहे, तूं आलास म्हणजे दाखवूं, असें त्यांत कळविलें. पत्र आलें कीं त्याच दिवशीं उत्तर धाडावें, असा आतां आमचा नियम आहे.